पाचट पेटवण्याआधी वाचा : दोन एकर उसाचं रान पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

पुण्याजवळच्या कंपनीत चौदा वर्षं शिफ्ट केली आणि मग वडिलांच्या वाटणीचं दोन एकर कसायला वाळवा तालुक्यात परत आलो. रान काळं, कृष्णेपासून दोन-अडीच किलोमीटरवर, पाणी उपसा सिंचन संस्थेचं. उभा ऊस आयताच मिळाला होता. जानेवारीत ऊसतोडीची टोळी आली, चार दिवसांत रान मोकळं झालं आणि समोर गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. सगळे करतात तेच मीही केलं. संध्याकाळी वारं पडलंय असं वाटून काडी लावली. वारं पडलेलं नव्हतं. शेजारच्या तात्यांनी बांधावर गुंडाळून ठेवलेली ठिबकची नळी वितळून तिचा काळा गोळा झाला. तात्या भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नळीचं बघू रं, पण आज जे जाळलंस ते उद्या दुकानातनं इकत आणशील."

आणलं. त्या वर्षी खताचं बिल आणि नळीची भरपाई मिळून जो आकडा झाला तो अजून वहीत पहिल्या पानावर आहे.

हा लेख माझ्यासारख्या गावी परतलेल्यांसाठी किंवा वडिलांनी अचानक रान सोपवलेल्यांसाठी आहे. शाश्वत शेती म्हटलं की कोणीतरी लगेच बाटली विकायला येतो. माझा अनुभव उलटा आहे. सुरुवात विकत घेण्यापासून नाही, जाळायचं थांबवण्यापासून होते, आणि त्याला सगळ्यात सोपी जागा म्हणजे खोडवा, म्हणजे तोडीनंतर रानात राहिलेल्या बुडख्यांतून (खुंटांतून) पुन्हा फुटणारा ऊस. लागणीत, म्हणजे नव्याने लावलेल्या उसात, प्रयोग करू नका. तिथे बेणं, नांगरट, सरी सगळ्यात पैसा अडकलेला असतो, चूक महागात जाते. खोडव्यात मशागत जवळपास नाही, आणि केलेल्याचा फरक डोळ्यांनी दिसतो.

आधी हाताशी काय हवं

कागद: चालू सातबारा आणि आठ-अ, आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी). हा क्रमांक नसेल तर सगळ्यात आधी तो काढा, आता कृषी विभागाच्या योजनांचं दार त्याच्याशिवाय उघडत नाही. सातबारा सामाईक असेल तर भावकीची संमतिपत्रं आजच गोळा करायला लागा, अर्ज भरायच्या दिवशी चुलतभाऊ नेमका मुंबईला असतो. ई-पीक पाहणीत ऊस नोंदवलाय का तेही बघा. माझ्या सातबाऱ्यावर दोन वर्षं सोयाबीन उभं होतं.

अवजारं: धारदार कोयता, लोखंडी पहार, दोन प्लॅस्टिकच्या बादल्या, घमेलं, वजनकाटा, आणि एक दोनशे पानी वही. वही सगळ्यात महत्त्वाची, ते पुढे कळेल.

१. खोडवा ठेवायच्या लायकीचा आहे का ते ठरवा

मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आपल्या शेजारीच, फलटण तालुक्यात पाडेगावला आहे. कृषी विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे: १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवावा. त्यानंतर फुटवे कमी येतात, उन्हाळा अंगावर येतो. तुमची तोड मार्चअखेरीस झाली असेल तर हा लेख पुढच्या वर्षी उघडा आणि या वर्षी रानात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा करा. एकरी २० ते २५ किलो बी, ४५ ते ५० दिवसांत फुलावर आला की गाडायचा. फूल उलटून देठ कडक झाला की तो कुजायला वेळ लावतो.

तारीख जमत असेल तर रानात चक्कर मारा. गवताळ वाढ किंवा काणी हे रोग लागलेली उसाची बेटं जास्त दिसली, हुमणीने (मुळं खाणाऱ्या अळीने) मोठे पट्टे खाल्ले असतील, किंवा पावसाळ्यात पुराचं पाणी बरेच दिवस साचून निम्मी बेटं मेली असतील, तर मोडा. अधूनमधून नांग्या, म्हणजे बेटं मेलेल्या रिकाम्या जागा, असतील तर काळजी नको, त्या ट्रेमधल्या रोपांनी भरता येतात. फक्त रोपं तोडीनंतर लगेच सांगून ठेवा. फेब्रुवारीत रोपवाटिकेत गेलं की उरलेली, वाकडी, दोन महिन्यांची म्हातारी रोपं पदरात पडतात.

२. मातीचा नमुना : पाचट पसरायच्या आधी

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि नव्वद टक्के लोक ते दहा मिनिटांत उरकतात. बांधावर बसून खुरप्याने एका जागची माती पिशवीत भरली की झालं. त्या अहवालावर पुढे वर्षभराचं खत ठरतं!

बरोबर पद्धत अशी. रानात नागमोडी चालत एकराला आठ-दहा जागा निवडा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याची जागा, पाटाचा कड आणि जिथे नुकतंच खत पडलंय त्या जागा सोडा. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा २० ते २२ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर खोल खड्डा घ्या. खड्ड्यातली माती टाकून द्या. मग खड्ड्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप खरवडून बादलीत घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरप्याने खरवडू नका, लाकडी पट्टी घ्या, नाहीतर लोह खुरप्याचंच मोजलं जाईल.

सगळी माती घमेल्यात कालवून कागदावर गोल पसरा, बोटाने अधिक चिन्ह काढून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेली पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नको. पिशवी कापडी आणि धुतलेली. खताच्या पोत्याचा तुकडा किंवा मिठाची पिशवी वापरू नका, असं करणारे मी पाहिलेत.

चिठ्ठी दोन करा, एक आत, एक बाहेर बांधलेली: नाव, गट नंबर, नमुन्याची तारीख, मागचं पीक, पुढचं पीक, पाण्याचं साधन. माझं रान दिसायला सपाट, पण ओढ्याकडचा अर्धा एकर खोलगट. दोन्हींचा एकच नमुना केला असता तर पुढची गोष्ट मला कळलीच नसती. रानाचा रंग, उतार किंवा पिकाची वाढ वेगळी असेल तर नमुने वेगळे.

देणार कुठे? सांगलीला जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणीचं कार्यालय आहे. बऱ्याच साखर कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, सभासद असाल तर तिथे सोपं पडतं. कृषी विज्ञान केंद्रंही तपासून देतात. सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे, सांगली जिल्ह्यात कांचनपूर. गावचे सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक) मृद आरोग्य पत्रिकेसाठी नमुने नेतात, पण तिथे एक अडचण आहे. २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना अशी मूळ पद्धत होती. म्हणजे घरात आलेली जुनी पत्रिका शेजाऱ्याच्या रानाचीही असू शकते. ती कपाटात ठेवा आणि स्वतःचा नमुना द्या.

३. अहवाल वाचताना आधी तीन ओळी

पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. पहिल्या वर्षी तीनच बघा.

सामू, म्हणजे पीएच. साडेसहा ते साडेसात उत्तम. आपल्या काळ्या रानात आठच्या आसपास सर्रास येतो, त्याने घाबरू नका. साडेआठच्या वर गेला तर रान चोपण होतंय, म्हणजे सोडियम वाढून माती घट्ट होते आणि पाणी जिरत नाही.

विद्युत वाहकता. म्हणजे क्षार किती विरघळलेत त्याचं माप. एकच्या आत असेल तर निर्धास्त. माझ्या खोलगट अर्ध्या एकराची सव्वादोन आली. वरच्या दीड एकराची अर्धीसुद्धा नव्हती.

सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन. ०.४० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.६० च्या वर गेलात तर तुम्ही नशीबवान. कर्ब कमी असेल तर शिफारशीपेक्षा नत्र पंचवीस टक्के वाढवायला सांगतात, भरपूर असेल तर तेवढंच कमी करायला. थोडक्यात, पाचट जाळून कर्ब घालवायचा आणि त्याचा दंड युरियात भरायचा, असा हा व्यवहार.

खोलगट रानाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण कृष्णा-वारणेच्या काठावर हे घरोघरी आहे. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरं दिसतं, आपण म्हणतो रानाला मीठ फुटलं. मी दुकानात विचारलं तर दुकानदाराने एक डबा काढून दिला, "हे सोडा, क्षार खाली जातात." क्षार खाली जातात हे खरं, पण खाली पाण्याला वाट नसेल तर ते जातील कुठे? पाणी वर आलं की तेही वर येतात. उपाय निचऱ्याचा आहे. आधी बांधाकडेने खोल चर काढून ओढ्याला जोडा. तेवढ्याने भागलं नाही तर जमिनीखालून सच्छिद्र पाइपची निचरा प्रणाली. ती एकट्या अर्ध्या एकरवाल्याला परवडत नाही, शेजारपाजारचे मिळून पाणी काढायला सामाईक जागा मिळाली तरच जमते. आणि पाणी कमी द्या, हा फुकटचा उपाय कोणी ऐकत नाही.

जिप्समही लोक ऐकीव टाकतात. ते चोपण रानाचं औषध आहे, नुसत्या खारवट रानाचं नाही. अहवालात जिप्सम किती लागेल ते लिहून आलं तरच, तेवढंच, आणि निचऱ्याची सोय करूनच.

४. पाचट : तोडीनंतरचे पहिले आठ दिवस

एकराला साधारण साडेतीन-चार टन पाचट निघतं. टनाला पाच किलोच्या आसपास नत्र धरलं तरी चार टनांत २० किलो झालं, म्हणजे युरियाचं जवळपास एक पोतं. पालाश त्याहून जास्त, शिवाय कर्ब, जो दुकानात मिळत नाही. हे सगळं पहिल्याच महिन्यात पिकाला मिळत नाही, हळूहळू सुटतं. म्हणून पहिल्या वर्षी "पाचट ठेवलंय, आता खत बंद" असं करू नका. जाळल्याच्या पुढच्या वर्षी मी ऐन उत्साहात तेच केलं आणि खोडवा मे महिन्यात पिवळाधमक पडला.

क्रम असा:

बुडखे मोकळे करा. बुडख्यावर पडलेलं पाचट सरीत ओढायचं. फुटव्यांना ऊन लागलं पाहिजे.

उंच राहिलेले बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटा. वरच्या कांडीवरचे डोळे फुटले तर कोंब हवेत लटकतात, मुळं धरत नाहीत, जोराच्या वाऱ्यात बेटासकट कलंडतात. छाटल्यावर बुडख्यांवर कार्बेन्डाझिम, लिटरला एक ग्रॅम, फवारून घ्या. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा.

पाचटाची कुट्टी करा. ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टी मशीन भाड्याने मिळतं. नाही मिळालं तर अख्खं पाचट सरीत दाबलं तरी चालतं, फक्त कुजायला जास्त दिवस लागतात. पाटपाणी असेल आणि रान भारी असेल तर सरी आड सरी भरा, एका सरीत पाचट, शेजारची पाण्याला मोकळी. मी सगळ्या सऱ्या गच्च भरल्या होत्या. पाणी पुढे सरकेना, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दाताळ्याने पाचट ओढत बसलो.

मग टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर. चार टनांना ३२ किलो, ४० किलो आणि चार किलो. युरिया कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण जिवाणूंनाही खायला नत्र लागतं. तुम्ही दिलं नाही तर ते मातीतलं ओढतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. माझा पिवळा खोडवा त्यातलाच. युरिया आणि सुपर आधी पाचटावर विस्कटा. कल्चर वेगळं, चाळलेल्या कुजक्या शेणखतात कालवून, ऊन उतरल्यावर टाका. तिन्ही एकाच घमेल्यात कालवलं तर खताने जिवाणू मरतात, आणि तुम्ही फक्त रंगीत माती पसरता. लगेच हलकं पाणी द्या. कोरड्या पाचटावर पडून राहिलेल्या युरियाचा वायू होऊन उडून जातो.

आग. वाळलेलं पाचट रानात असेपर्यंत झोप लागत नाही, हे खरं आहे. चारी बांधांपासून आठ-दहा फूट पाचट आत ओढून पट्टा मोकळा ठेवा. विजेच्या तारा जिथे लोंबतात त्याखालची जागाही. शेजारी जाळणार असेल तर त्या दिवशी स्वतः हजर राहा. एकदा भिजून दबलं की धोका निम्म्याने कमी होतो, म्हणून पहिलं पाणी लांबवू नका.

पावसाळ्यानंतर एके दिवशी सरीतलं पाचट हाताने उचलून बघा. वरचा थर अजून तपकिरी, खडखडीत. त्याखालचा काळा, हाताला गार, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकाला चिकटलेला. अगदी तळाशी पाचट आणि माती यातला फरक कळत नाही. मी पहिल्यांदा उचललं तेव्हा तळहाताएवढ्या जागेत पाच गांडुळं होती. जाळलेल्या वर्षी अख्ख्या सरीत एक दिसलं नव्हतं.

५. पहारीने खत

नवख्याला हे विचित्र वाटतं, पण खोडव्यात यासारखी पद्धत नाही. बगला फोडायच्या नाहीत (वरंब्याच्या कडा नांगराने फोडायच्या नाहीत), भरणी नाही (बुडाला माती चढवायची नाही), आंतरमशागत नाही. खताचे दोनच हप्ते: पहिला तोडीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा १२० ते १३५ दिवसांनी.

वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटर लांब, तेवढंच खोल भोक पहारीने पाडायचं. भोकाभोकांत एक फूट. एकाने पहार मारायची, दुसऱ्याने मागून मूठ सोडून पायाने भोक बुजवायचं. दुसरा हप्ता ओळीच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी पाठ धरते, एकराला दोघांना दीड-दोन दिवस लागतात. मजूर कुरकुरतात, कारण फेकून देणं तासाभराचं काम. पण फेकलेलं खत पाचटावर पडतं आणि पाण्याबरोबर शेजाऱ्याकडे जातं. भोकातलं मुळाशी राहतं, तणाला मिळत नाही.

मूठ किती मोठी, हे आधी मोजून घ्या. माझ्या आणि आमच्या गड्याच्या मुठीत जवळपास दुपटीचा फरक निघाला. मग आम्ही चहाचा कप ठरवला.

६. पोत्याचं गणित आणि दुकान

अहवालात किलो नत्र-स्फुरद-पालाश येतं, दुकानात पोती मिळतात. मधलं गणित दुकानदारावर सोडू नका. युरियात ४६ टक्के नत्र, सिंगल सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद आणि वर गंधक फुकट, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, डीएपीत १८ नत्र आणि ४६ स्फुरद. समजा तुम्हाला एकरी १०० किलो नत्र सांगितलं. शंभर भागिले ४६ गुणिले शंभर, म्हणजे २१७ किलो युरिया. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं, म्हणून पावणेपाच-पाच पोती. डीएपी घेणार असाल तर ५० किलोच्या पोत्यातले नऊ किलो नत्र त्यातून वजा करा. हे वजा करायचं सगळेच विसरतात.

आता दुकान. माझा दुकानदार चांगला माणूस आहे, उधारी देतो, बापाच्या दहाव्याला आला होता. तरीही खालच्या गोष्टी मी सोडत नाही, आणि आता तोही हसून स्वतःच बिल पुढे करतो.

पक्कं बिल, त्यावर कंपनी, लॉट नंबर आणि अंतिम तारीख. चिठ्ठीवरचा हिशेब म्हणजे बिल नव्हे. बियाणं उगवलं नाही, खत बनावट निघालं, तर तक्रार बिलावरच उभी राहते. बिलं वहीत डकवा.

अनुदानाचं खत आधार आणि अंगठ्यावर मशीनमधून मिळतं. मशीनची पावती घ्या आणि पोत्यांची संख्या वाचा. दोन नेली आणि नावावर सहा चढली, असं होऊ शकतं. मग पुढच्या वेळी खरंच सहा लागली की तुम्ही अडकता.

छापील किंमत. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैसे. हमालीच्या नावाखाली वाढवून सांगितलं तर बिलावर तसं लिहून मागा, बहुधा आकडा खाली येतो.

आणि लिंकिंग. ऐन जुलैत युरियाची टंचाई, रांग लागलेली, आणि काउंटरवरून वाक्य येतं, "तीन पोत्यांवर हा एक डबा घ्यावा लागंल, वरनंच तसं आलंय." दुसऱ्या वर्षी एका दुकानात मी तो डबा घेतला. ह्युमिक ॲसिड म्हणे. लेबलवर घटकाची टक्केवारी नाही, बिलात नोंद नाही. तो अजून गोठ्याच्या कोनाड्यात आहे, मुलं त्यावर स्टंप म्हणून बॉल मारतात. खताबरोबर दुसरा माल घ्यायला भाग पाडणं नियमात बसत नाही. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. पण खरा उपाय वेळेचा आहे: दुसऱ्या हप्त्याचं खत मे महिन्यातच घरात आणून ठेवा. रांगेतल्या माणसाला तत्त्व परवडत नाही.

जिवाणू खतं घेताना आणखी दोन गोष्टी. कायद्याने द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला किमान १० कोटी आणि पावडरीत ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू लागतात. लेबलवर हा आकडा शोधा. आणि बाटली कुठे ठेवलीय ते बघा. पत्र्याच्या दुकानात काचेमागे, एप्रिलच्या उन्हात उभी असेल, तर तारीख काहीही असो, आतले जिवाणू गेले. मी कारखान्याच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातूनच आणतो, सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून.

७. शेणखत, मेंढरं, जीवामृत

शेणखत घ्यायचं तर हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. कच्चं शेणखत म्हणजे हुमणीला आवतण. अळ्या त्यातूनच रानात येतात. पावसाळ्याआधी वर्षभर कुजलेलं घ्या आणि ट्रॉलीत वर शेणखत, खाली माती असा प्रकार नाही ना, ते फावडं खुपसून पाहा. हुमणीचा त्रास असेल तर मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून टाकतात. पण त्याहून आधी, पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाभळी-कडुलिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात, ते फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. एकट्याने करून उपयोग थोडा, आळीने मिळून करायचं काम आहे.

खोडवा मोडल्यावर रान रिकामं असेल तर मेंढरं बसवा. धनगरांचे कळप या भागातून जातात तेव्हा दर आधी बोला, रात्री किती आणि मेंढरं किती, दोन्ही ठरवा. लेंडी आणि मूत जागच्या जागी, वाहतूक नाही.

जीवामृत स्वस्त आहे म्हणून करायला हरकत नाही: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं, दोन-तीन दिवसांत एकराला पाण्यातून सोडायचं. पण चार टन पाचटाचं काम हे पिंप करत नाही. ज्याचं रान पाचटाने झाकलेलं आहे त्याला जीवामृताचा गुण दिसतो, आणि ज्याने जाळलंय त्याला नुसता गुळाचा खर्च.

८. ठिबक आणि अनुदान

अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर. अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, केंद्राच्या योजनेतले ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान, बाकीच्यांना ७५. हे टक्के शासनाने ठरवलेल्या खर्चावर असतात, तुमच्या बिलावर नाही. त्यामुळे विक्रेता म्हणाला "तुमचे फक्त वीस टक्के", तर ते खरं धरू नका.

सगळ्यात मोठा सापळा: पूर्वसंमती यायच्या आधी संच घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. मोबाइल नंबर आधारला जोडलेला ठेवा, कागद अपलोड करायचा निरोप मेसेजने येतो आणि मुदत संपली की अर्ज बाद. आमच्या गल्लीत एकाचा तसा गेला, नंबर मुलाचा होता आणि मुलगा नाशिकला.

पाचट आणि ठिबक एकत्र असेल तर नळी पाचटाच्या वर ठेवा, खाली गाडू नका. पाचटात उंदीर होतात, नळी कुरतडतात, आणि झाकलेलं भोक महिनाभर दिसत नाही. रान झाकलेलं असल्याने ओल टिकते, पाणी नेहमीच्या वेळेला द्यायची घाई नको. बोट खुपसून बघा. माझ्या उपशाच्या पाळ्या उन्हाळ्यात कमी झाल्या, आणि खोलगट रानातलं मीठही गेल्या वर्षी कमी दिसलं, चर आणि कमी पाणी दोन्हींमुळे असावं.

९. सेंद्रिय प्रमाणपत्राची घाई नको

गुळासाठी किंवा हळदीसाठी गिऱ्हाईक ठरलेलं असेल तरच त्यात पडा. पीजीएस (सहभाग हमी) पद्धतीत गावातले किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची रानं तपासतात. निर्यातीचा मार्ग वेगळा आणि खर्चिक. दोन्हीत रूपांतराची वर्षं जातात आणि त्या काळात दर नेहमीचाच. कारखान्याला ऊस घालणाऱ्याला त्या कागदाने टनाला एक रुपया जास्त मिळत नाही. बिलं आणि नोंदींची वही मात्र आजपासून ठेवलीत तर पुढे कधी गेलात तरी उपयोगी पडेल.

१०. पुढच्या तोडीआधी टोळीशी बोला

हे शेवटी लिहितोय, पण खरं तर पुढच्या खोडव्याची, नाहीतर निडव्याची (खोडव्यानंतरच्या खोडव्याची), सुरुवात इथूनच आहे. टोळी आल्यावर नाही, कारखान्याची तोडीची चिठ्ठी लागल्यावर लगेच टोळीच्या मुकादमाला भेटा. दोन गोष्टी सांगा. एक, ऊस पेटवून तोडायचा नाही. जळीत उसाला कपात लागते आणि पाचटही जातं. दोन, कोयता जमिनीलगत चालवायचा. बुडख्याकडच्या कांडीत साखर जास्त, वजनही तिथेच, आणि तुमची नंतरची छाटणी वाचते.

पहिल्या फडाला स्वतः उभे राहा. सकाळी थंडीत सगळे नीट तोडतात, दुपारी पाठ भरून आली की कोयता वीतभर वर चढतो. त्या वेळी ओरडू नका. मी दुपारी चहा घेऊन जातो, बायामाणसांना जनावरांसाठी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधून न्यायला मोकळीक देतो आणि जाताजाता एक-दोन उंच बुडखे मुकादमाला दाखवतो. यंदा दोन एकरांत छाटायला मला आणि गड्याला मिळून एक सकाळ पुरली.